मूळ पुरुषाचा चेहरा

१

दोष मुकुंदरावांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तासगावकरांच्या घरात कुठल्याही गोष्टीचा दोष फिरत फिरत शेवटी सुनेवर, नाहीतर पोरांवर, नाहीतर शनीवर जाऊन बसतो. म्हाताऱ्यांपर्यंत तो कधी पोचत नाही. या वेळी पोचू दे.

मुकुंदराव म्हणजे गुरूचे थोरले काका. धारवाडला हेडमास्तर होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण आवाजातली छडी अजून खाली ठेवलेली नाही. हाताला काम नाही म्हणून त्यांनी तासगावकरांचा कुलवृत्तांत काढायला घेतला. कोण कधी तासगावाहून इकडं आला, कुणाला किती मुलं, कोण अमेरिकेत, कोण निपुत्रिक वारला. सगळं जमलं. सगळ्यांचे फोटो जमले, दोन महिन्यांच्या तान्ह्यांचेसुद्धा. अडलं ते पहिल्याच पानावर. घराण्याचा मूळ पुरुष, तासगाव सोडून धारवाडला वकिली करायला आलेले बाळकृष्णपंत, यांचा फोटोच नव्हता. त्यांनी कधी काढूनच घेतला नव्हता. त्यांना पाहिलेलं एकही माणूस आता जिवंत नव्हतं.

शहाण्या माणसानं तिथं नुसतं नाव छापलं असतं आणि पुढचं पान घेतलं असतं. मुकुंदरावांना रिकामी चौकट सहन होईना. चौकट दिसली की तीत कुणाला तरी उभं करायचं, ही त्यांची जन्मभराची सवय.

मग त्यांना गुरू आठवला. एरवी तो त्यांना फक्त दाखला द्यायला आठवायचा, कसं होऊ नये त्याचा.

२

गुरुप्रसाद हुबळीला विद्यानगरात राहायचा, आईबरोबर. वडील तो शाळेत असतानाच गेले. इंजिनिअरिंगचं कॉलेज घरापासून हाकेच्या अंतरावर, ते त्यानं तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायला लागला. तुरुंगात गेला असता तर घराण्यानं वकील तरी दिला असता. चित्रकाराला काय द्यायचं हे कुणाला सुचेना, म्हणून सगळ्यांनी सल्ले दिले.

त्याचा दिवस कोप्पीकर रोडच्या एका कोपऱ्यावर हणमंतण्णाच्या चहाच्या टपरीवर उजाडायचा. एक चहा, मांडीवर स्केचबुक, समोर रस्ता. दुकानांची शटरं वर जायची, फुलवाल्या पाट्या मांडायच्या, आणि गुरूचं पेन चालू व्हायचं. पण पूर्ण चेहरा तो वहीत कधी काढत नसे. पूर्ण चेहरा काढायला घेतला की माणसाला कळतं. तो अवघडतो, केस सारखे करतो, लग्नाच्या फोटोतल्यासारखा बसतो. म्हणून गुरू सुटे भाग गोळा करायचा. एका पानावर नुसती नाकं. एकावर कान. एकावर हनुवट्या. मग पुस्तकाचं काम आलं की गॅरेजवाल्यासारखं हे तिथं, ते इथं बसवायचं. एखाद्या गोष्टीतला राजा हणमंतण्णाचं नाक घेऊन सिंहासनावर बसायचा आणि हणमंतण्णा ते पान गिऱ्हाइकांना दाखवत सुटायचा.

तोंडांची पानं मात्र बहुतेक आईचीच होती. सुशीला लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी वह्या तपासायला बसली की खालचा ओठ डावीकडून जरासा आत घ्यायची. चूक सापडली की तो सुटायचा. गुरूनं ते तोंड इतक्या वेळा काढलं होतं की त्याच्या पुस्तकांतली परी, म्हातारी, एकदा तर वाघीणसुद्धा, जरा निरखून बघितली तर सुशीलाच निघायची.

३

धारवाडच्या घरी हॉलमध्ये सभा भरली. मुकुंदराव, त्यांच्या थोरल्या बहीण अंबूताई, नव्वदीकडं झुकलेल्या, आणि सांगली-बेळगावाकडून आलेले काही टकले ज्यांची नावं गुरूला कधीच पाठ झाली नाहीत. सुशीला आत चुरमुऱ्यांचा सुसला परतत होती. तिला बाहेर येऊन बस असं कुणी म्हटलं नाही. त्या घरात सुनेला बाहेर बोलावतात ते बश्या उचलायला.

गुरूनं आधी सरळ नाही म्हणून बघितलं.

"मी त्यांना बघितलेलं नाही. तुम्हीपण नाही. मग काढू कुणाला?"

"बघायला कशाला लागतं?" मुकुंदराव म्हणाले. "ते रक्तात असतं. तुझ्या त्या वह्या आण इकडं. आम्ही सांगतो."

मग नेहमीचं झालं. कॉलेज सोडलंस, निदान घराण्याच्या उपयोगी तरी पड. तुझा बाप असता तर. सुशीलानं एकटीनं वाढवलं, त्याचं हे असं. गुरूनं वह्या टेबलावर टाकल्या, ऐकणं थांबावं म्हणून.

आणि म्हाताऱ्यांनी थुंकी लावून पानं उलटायला सुरुवात केली. मंडईत वांगी निवडावीत तसे ते निवडत होते. नाकांच्या पानावर मुकुंदरावांचं बोट थांबलं. "हे. हे आपलं नाक. अस्सल तासगावकरी." टकल्यांनी माना डोलावल्या, एकानं तर आपलं नाक चाचपून बघितलं. ते नाक हणमंतण्णाचं होतं. जे मुकुंदराव बाहेरच्या कपाला ओठ लावत नाहीत, वाट वाकडी करून हॉटेल टाळतात, त्यांनी टपरीवाल्याचं नाक उचलून घराण्याला लावलं. गुरूला पोटातून हसू फुटत होतं. कपाळ निवडलं ते "विद्वानाचं" म्हणून. ते दुर्गद बैलच्या बाजारात शेवंती विकणाऱ्या अनुसयाअक्काचं. डोळे निवडले ते बसमध्ये समोर बसलेल्या कुणा म्हाताऱ्याचे, ज्याचं नावही गुरूला माहीत नव्हतं.

तोंड राहिलं. अंबूताईंनी वही डोळ्यांशी नेली. त्यांचं बोट कापत कापत पानावरून फिरलं आणि एका ठिकाणी टेकलं.

"हे तोंड मी बघितलंय," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हात जोडले. मुकुंदरावांचे डोळे भरून आले.

गुरूनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. अंबूताईंनी बघितलंच असणार. ते तोंड लग्न होऊन आल्यापासून त्या घरात प्रत्येक सणाला अंबूताईंना वाढत आलं होतं. कुणी कधी मान वर करून नीट पाहिलं नव्हतं, एवढंच. तेव्हाच गुरूनं सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. सुनेच्या तोंडापुढं हे सगळे हात जोडून उभे राहतील, ही गंमत त्याला सोडवेना. त्याची चूक एवढीच. बाकी सगळं त्यांचं.

४

चित्र जमलं. गुरूच्या अपेक्षेपेक्षा फार बरं जमलं, आणि तेच त्याला खटकलं. एरवी सुट्या भागांतून केलेल्या चेहऱ्यात कुठंतरी शिवण दिसते. नाक एकीकडं बघतं, डोळे दुसरीकडं. याच्यात शिवण नव्हती. पगडी, बाराबंदी, खांद्यावर उपरणं, आणि मधे एक माणूस, जो जणू आधीपासून होता आणि फक्त कागदावर यायचा राहिला होता.

सर्वपित्रीला ते हॉलमध्ये टांगलं. काचेची फ्रेम, चंदनाचा हार, खाली समई. गुरुजींनी गोत्र आणि नाव घेतलं. मुकुंदरावांनी कुलवृत्तांताची पहिली प्रत उघडून पहिलं पान सगळ्यांना दाखवलं. पुण्याला, सांगलीला, बेळगावला, अमेरिकेला प्रती आधीच रवाना झाल्या होत्या, आणि घरोघरी त्या आजच्या दिवशी देवापुढं ठेवायच्या असं पत्र प्रत्येकीत घातलं होतं. अंबूताईंना दोघांनी धरून उभं केलं. त्यांनी चिमूटभर शिरा काचेवर, तोंडाच्या जागी लावला. तूप काचेवरून खाली ओघळलं.

जेवणाच्या वेळी सुशीला वड्यांची परात घेऊन बाहेर आली. मुकुंदरावांनी तिच्याकडं बघितलं, मग शेजारच्याला म्हणाले, "त्या स्वयंपाकाच्या बाईंना म्हणावं, आधी गुरुजींना वाढा."

सगळे हसले. सुशीलासुद्धा हसली. परतताना बसमध्ये ती गुरूला म्हणाली की काकांचं मोतीबिंदूचं बघायला पाहिजे. गुरू म्हणाला, त्यांना मोतीबिंदू जन्मापासून आहे.

५

दोन-तीन दिवसांनी टपरीवर हणमंतण्णा मोबाईलशी भांडत होता. चेहऱ्यासमोर धरायचा, फोन थरथरून नंबर मागायचा, हा शिवी घालायचा.

"ह्याला माझं तोंड आवडेना झालंय बघ, गुरू. रोज उघडायचा. आता नाही."

"दाढी कर."

"केली की रे सकाळी."

बाकड्यावरच्यांनी मजा घेतली. बायकोनं दुसरा चेहरा टाकला असेल, अमुक असेल, तमुक असेल. गुरूही हसला. कॅमेऱ्याच्या काचेला वाफ, तेल, चहाचे डाग. न ओळखायला शंभर कारणं होती.

मग एक वकील आले. रोजचे. कोर्टात जायच्या आधी उभ्या उभ्या चहा घेणारे. त्यांनी ग्लास घेतला, घोट घेतला, आणि हणमंतण्णाच्या तोंडाकडं बघत कन्नडमध्ये विचारलं, की हणमंत गावाला गेलाय काय?

हणमंतण्णाला थट्टा वाटली. म्हणाला, होय साहेब, सासरवाडीला.

"बरं. आला की सांग, मी विचारत होतो म्हणून," वकील म्हणाले. ग्लास ठेवला आणि गेले. मागं वळून हसले नाहीत. गुरू ते वळतील म्हणून कोपऱ्यापर्यंत बघत राहिला.

हणमंतण्णा हसला. मग फडकं घेऊन एकच ग्लास पुसत बसला, स्वच्छ झाल्यावरही.

६

गुरूच्या फोनमध्ये एक सोय होती. फोटोंतले चेहरे फोन स्वतःच वेगळे करायचा आणि माणसागणिक कप्पे पाडायचा. छापखान्याला पाठवण्यासाठी गुरूनं चित्राचा फोटो घेतला होता, तेव्हा फोननं विचारलं होतं की हे कोण, आणि गुरूनं गमतीनं नाव घातलं होतं. बाळकृष्णपंत.

आता दुपारी काम करता करता फोन उजळला. एका बाजूला चित्राचा चेहरा, दुसऱ्या बाजूला टपरीवर दात काढून हसणारा हणमंतण्णा. खाली प्रश्न: ही एकच व्यक्ती आहे का?

गुरूला कौतुक वाटलं. नाक त्याचंच तर होतं, मशीनला तसं वाटणारच. त्यानं नाही दाबलं. फोननं आणखी एक फोटो पुढं केला, शेवंतीच्या ढिगामागची अनुसयाअक्का. तेही बरोबर, कपाळ. नाही.

मग आई. उणकल तळ्याच्या काठावर, वाऱ्यानं पदर उडालेला, तोंड हसण्याच्या बेतात. ही एकच व्यक्ती आहे का?

नाही, त्यानं दाबलं. परत आई, शाळेच्या स्नेहसंमेलनात. नाही. परत आई, स्वयंपाकघरात, पाठमोरी, जेमतेम गाल दिसतोय. गालावरून कुणी काय ओळखणार? नाही. नाही. मग फोननं विचारायचं बंद केलं.

त्यानं निःश्वास टाकला आणि सहज कप्पे उघडून बघितले. आईचा कप्पा नव्हता. तिचे सगळे फोटो चित्राच्या कप्प्यात जाऊन बसले होते. लग्नातला शालू नेसलेली, वडिलांच्या शेजारी उभी. गुरूला पाळण्यातून उचलताना. परवा सर्वपित्रीला वडे तळताना. प्रत्येकाखाली एकच नाव. विचारायचं बंद केलं होतं, कारण फोनचं ठरलं होतं.

गुरूनं पेन खाली ठेवलं. मग त्यानं स्वतःला समजावलं. हे यंत्र आहे, दोन ओठांच्या रेषा जुळल्या की त्याला पुरतं. हे त्यानं मोठ्यानं म्हटलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी टपरीवर हणमंतण्णाची बायको होती, रूपाली. ती कधी यायची नाही. चहा उतू जात होता आणि तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

"गुरू, ह्यांना कुठं बघितलंस काय?" तिनं विचारलं. "काल घरी आलेच नाहीत. उलट कोण तरी माणूस आला दारात. माझं नाव घेऊन हाका मारतोय, पोरांची नावं घेतोय. पोरं रडायला लागली, तशी कडी घातली मी. बराच वेळ उभा होता."

गुरूला हणमंतण्णा दिसतच होता. रस्त्याच्या पलीकडं, बंद दुकानाच्या पायरीवर, कालच्याच शर्टात. टपरीकडं बघत उभा.

"तो काय समोर," गुरू म्हणाला.

रूपालीनं बघितलं. बोटाच्या रेषेत, सरळ, नवऱ्याच्या तोंडावर. मग तिनं भांड्याचा चिमटा हातात घट्ट धरला.

"तोच तो," ती पुटपुटली. "कालचा."

गुरू रस्ता ओलांडून गेला. हणमंतण्णा त्याच्याकडं न बघता म्हणाला, "तू तरी ओळखतोस न्हवं?"

"हो की, अण्णा."

"मग झालं," हणमंतण्णा म्हणाला. पण झालं नव्हतं हे दोघांनाही दिसत होतं. गुरूनं त्याला घरी चल म्हटलं, जेव म्हटलं. तो नको म्हणाला. दुकान सोडून कसं जाऊ, म्हणाला.

नंतर तो त्या पायरीवर दिसला नाही. टपरी रूपाली चालवते. बाजारातली शेवंतीची पाटीही एके दिवशी दुसरीच बाई घेऊन बसली. अनुसयाअक्का कुठं आहे म्हणून विचारलं तर आजूबाजूच्या फुलवाल्या म्हणाल्या की ती येतच नाही, पण कोण एक वेडी येऊन तिच्या जागेवर हक्क सांगत होती, तिला हुसकलं. बसमधल्या त्या म्हाताऱ्याचं काय झालं असेल, कोण जाणे. त्याला कुठं शोधायचा?

८

आईनं जेवताना सांगितलं ते हसत हसतच सांगितलं. शाळेत हजेरीच्या मशीननं तिचा चेहरा घेतला नाही. हेडबाईंनी रजिस्टरवर सही करायला लावली आणि मग सही करणारीकडं बघून विचारलं, सुशीलाबाईंनी पाठवलंय का तुम्हाला?

"मी म्हटलं, बाई, मीच की. तर म्हणतात, अगंबाई, चष्मा. चष्मा तर त्यांच्या डोळ्यावरच होता," सुशीला म्हणाली आणि भाताचा घास घेतला. पोरींनी सुद्धा आज नमस्ते म्हटलं नाही, म्हणाली. नवीन बाई आल्या की उठून उभ्या राहतात तशा राहिल्या.

गुरू तिच्या तोंडाकडं बघत होता. ते तिथंच होतं. तसंच होतं. घास चावत होतं, बोलत होतं. त्याला ते दिसत होतं, आणि अजून दिसतंय याचीच त्याला भीती वाटली. हणमंतण्णाला शेवटपर्यंत ओळखणारा तो एकटा होता. आईलाही आता तोच एकटा उरणार होता. तो एक ओळखतो तोवर ती आहे.

"असं काय बघतोयस?" तिनं विचारलं.

काही नाही, तो म्हणाला.

९

सकाळी तो पांढरा रंग आणि ब्रश पिशवीत टाकून धारवाडला गेला. म्हातारे नुकते जेवून उठले होते. त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, तोंड कुणाचं. हणमंतण्णाचं काय झालं ते. चित्र उतरवा म्हणाला.

मुकुंदरावांचा चेहरा लाल होत गेला. एक माणूस स्वतःच्या दारातून हाकलला गेला, याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांनी उठून आधी खिडकी लावली.

"टपरीवाल्याचं नाक आहे हे कुणाजवळ बोललास?"

"काका, आईला लोक ओळखत नाहीयेत."

"सुशीलाचं तोंड?" ते चित्राकडं वळले आणि खरंच विचारात पडले. "तिचं तोंड असं आहे?"

अंबूताई कोचावर पाय घेऊन बसल्या होत्या. त्या मधेच म्हणाल्या की बाळकृष्णपंतांना कुणी नावं ठेवू नयेत. त्यांनी आपल्याला मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या आहेत, त्यांच्या उपरण्याला कापराचा वास यायचा. मुकुंदराव म्हणाले, आवाज खणखणीत होता, मला पाढे त्यांनीच शिकवले. गुरू दोघांकडं बघत राहिला. बाळकृष्णपंत या दोघांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं गेले होते. तसं कुलवृत्तांतात मुकुंदरावांनी स्वतःच लिहिलं होतं. त्यानं ते बोलून दाखवलं. मुकुंदराव क्षणभर गोंधळले. रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्यासारखे दिसले. मग चित्राकडं बोट करून ते म्हणाले, "उगीच वाद घालू नकोस. त्यांच्यासमोर तरी." आणि बहिणीला हाताला धरून ते झोपायला आत गेले. जाताना दार ओढून घे, म्हणाले.

हॉलमध्ये गुरू आणि चित्र. उन्हाची तिरीप फरशीवर. आत पंखा कुरकुरत होता. गुरूनं स्टूल ओढलं, वर चढला, आणि हार बाजूला करताना त्याला दिसलं की काचेला वाफ धरली आहे. नाकाखाली, बोटभर जागेत. बाहेरून पुसली, गेली नाही. आतून होती. मग आपोआप विरली. मग परत धरली.

कागद ओला असताना फ्रेम केली असेल. समईची धग असेल. कारणं होती. गुरूनं ती सगळी मनात म्हटली आणि फ्रेम उतरवून टेबलावर पालथी घातली, म्हणजे तोंड बघावं लागू नये. मागच्या खिळ्या काढायच्या, कागद बाहेर घ्यायचा, तोंडावर पांढरा फिरवायचा. एवढंच काम. एक खिळी निघाली. दुसरी गंजलेली, तो नखानं उचकटत होता, सगळं लक्ष तिच्यावर.

"गुऱ्या, जेवलास का रे?"

"हो आई, जेवलो," तो म्हणाला.

खिळी हातात आली.

मग त्याच्या लक्षात आलं की तो धारवाडच्या हॉलमध्ये आहे, आई हुबळीत शाळेत आहे, आणि आवाज हाताखालून, टेबलाकडून आला. त्याच्या हाताखाली पुठ्ठा होता. पुठ्ठा कोमट होता.

आतला पंखा थांबला आणि परत सुरू झाला. शेवटी त्यानं फ्रेम उलटी केली, हळूच, झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवावं तशी. तोंड मिटलेलं होतं. खालचा ओठ डावीकडून जरासा आत घेतलेला. त्यानं तो तसा काढलेला नव्हता.

रंगाची बाटली उघडायला गेलेला हात थांबला. ह्या तोंडावर पांढरा कसा फिरवायचा? ही तर… त्यानं तो विचार पुरा केला नाही, पण तो पुरा झाला होता. त्यानं खिळ्या परत ठोकल्या. फ्रेम जागेवर टांगली. हार सरळ केला. समईतली वात पुढं सारली. त्याला फार हलकं वाटलं, बऱ्याच दिवसांनी घरी येऊन गेल्यासारखं. दार ओढून घेऊन तो बाहेर पडला.

१०

हुबळीला पोचला तेव्हा चार वाजून गेले असतील. विद्यानगरात कॉलेजं सुटली होती, रस्ताभर पोरं होती. घराला कुलूप नव्हतं. आत आईच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, समोर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. शाळेतल्या कुणी असणार. आई दूध आणायला गेली असेल आणि यांना बसवलं असेल.

त्यांच्या गल्लीत घरात मराठी चालते, आणि दाराशी आलेल्या परक्या माणसाशी आपसूक कन्नड. गुरू दारातच थांबला आणि त्यानं अदबीनं विचारलं, "यार बेकागित्तु?" कोण हवं होतं आपल्याला?

बाईनं पेन खाली ठेवलं. मग मराठीत म्हणाली, "गुऱ्या, मी आहे."

त्याला जरा राग आला. हे नाव आई सोडून कुणी घेत नाही. आईनं हिला कशाला सांगावं? पण बाई रडायला लागली होती, म्हणून त्यानं तिला पाणी आणून दिलं, आई येईलच एवढ्यात असं सांगितलं, आणि तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. दिवे लागले तरी तो तिथंच बसला होता. आतून कुकरची शिट्टी झाली.

आता त्याला सगळं माहीत आहे. तो वेडा नाही, डॉक्टरनंही तसं सांगितलं. बांगड्या आईच्या आहेत, साडी आईची आहे, वह्यांवरचं अक्षर आईचं आहे, हे तो बघतो आणि कबूल करतो. मग नजर वर जाते, आणि तिथं कुणीतरी अनोळखी बाई असते. तिला शाळेनं ठेवलं नाही. नातलग तिला दारात उभं करत नाहीत. सुशीलाचं घर बळकावलेली बाई म्हणून मुकुंदरावांनी पोलिसांत अर्जही दिला होता. जायला दुसरी जागा नाही म्हणून ती तिथंच राहते. दोन वेळा रांधून त्याला वाढते. तो खाली बघून जेवतो आणि ताट उचलतो.

महिन्यातून एकदा तो धारवाडला जातो. मुकुंदराव आता त्याला सल्ले देत नाहीत; पोरगा सुधारला, घराण्याची ओढ लागली, असं लोकांना सांगतात. तो हॉलमध्ये थोडा वेळ बसतो. त्या दुपारनंतर तिथून कधी काही ऐकू आलेलं नाही.

वडील आधीच नव्हते. आता गुरूला आई नाही.